बिटलॉकर चालूच होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिटलॉकर म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे तिच्यातला डेटा चावीशिवाय वाचता येऊ नये असा बंद करणारी विंडोजमधली सोय. विंडोज १० आणि ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट करायला गेल्यावर गाडं जिथे जिथे अडतं, त्या जागा इथे घेतल्या आहेत. मॅक आणि लिनक्सचं शेवटी थोडक्यात आहे. आज्ञा आणि मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं लागतील.

काहीही करण्याआधी दोन कामं उरकून घ्या. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर काढा. आणि मशीनवर एखादी ड्राइव्ह आधीपासून एन्क्रिप्ट असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे नेहमीची वाट बंद झाली तर ड्राइव्ह उघडणारा आकडा, शोधून हाताशी ठेवा. खालच्या बऱ्याच उपायांत बायोसला, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, हात लावावा लागतो, आणि बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती की मागू शकतं.

नेमकं कुठे अडलंय, हे कसं ओळखायचं?

एरर आली की लोक ती खिडकी बंद करतात आणि परत प्रयत्न करतात. तसं करू नका, तो मजकूर पूर्ण वाचा. बिटलॉकर नकार देतं तेव्हा बहुतेक वेळा कारणही सांगतं. फक्त ते जरा अवघड भाषेत असतं.

खिडकी बंद झाली असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, बिटलॉकर-एपीआय आणि शेवटी मॅनेजमेंट अशा क्रमाने आत जा. इथे ८५३ नंबरची नोंद असेल तर टीपीएम ही सुरक्षा चिप सापडत नाही किंवा बूट होणारी सीडी-डीव्हीडी लागलेली आहे. दोन्हींसाठी नंबर तोच आहे, म्हणून खालचं वाक्य वाचावं लागतं. ८५४ म्हणजे विंडोजचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विनआरई, दुरुस्तीची व्यवस्था) बंद आहे. ८५१ मध्ये 'बायोस अपग्रेडसाठी उत्पादकाशी संपर्क साधा' असं लिहिलेलं असतं. ते वाचून सर्व्हिस सेंटर गाठायची घाई नको; मशीन जुन्या लेगसी पद्धतीने बूट होतंय, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

कंट्रोल पॅनेलमध्ये 'टर्न ऑन बिटलॉकर' हा पर्यायच दिसत नाही.

तुमचं विंडोज होम एडिशनचं असणार. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे जाऊन एडिशन बघा. पूर्ण बिटलॉकर प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या एडिशन्समध्येच मिळतं. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर सहसा होमच असतं, मग लॅपटॉप कितीही महागाचा का असेना.

होमवाल्यांसाठी 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाचा धाकटा भाऊ आहे. आतलं तंत्र तेच, फक्त तुम्हाला निवडायला काही ठेवलेलं नाही. विंडोज ११ मध्ये तो सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी इथे सापडेल. विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली. घरच्या वापराला तो पुरेसा आहे. पिन, पासवर्ड किंवा वेगळ्या पॉलिसी हव्या असतील तरच प्रो घ्या. त्यासाठी फॉरमॅट मारावं लागत नाही, ॲक्टिव्हेशनच्या पानावरून एडिशन बदलता येते. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या 'प्रो की' मात्र पुढे रद्द होऊ शकतात, तेव्हा ऑफिसच्या मशीनवर हा खेळ नको.

होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शनसुद्धा दिसत नाही. आता काय?

आधी बघा की तुम्ही ॲडमिन खात्यातून आत आहात ना. साध्या खात्याला हा पर्याय दिसत नाही.

मग स्टार्टमध्ये सिस्टम इन्फर्मेशन शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. ॲडमिन म्हणून उघडलं नाही तर नेमकी हवी ती ओळ अर्धवट दिसते. सिस्टम समरीत अगदी खाली जा. तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट' अशी ओळ असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तिच्या आधी 'ऑटोमॅटिक' हा शब्द लागला आहे. समोर 'मीट्स प्रीरिक्विझिट्स' असेल तर मशीन पात्र आहे. नसेल तर तिथेच कारणांची माळ असते: टीपीएम वापरण्याजोगं नाही, विनआरई कॉन्फिगर केलेलं नाही, पीसीआर७ बाइंडिंग शक्य नाही, डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरणं) करू शकणारं, परवानगी नसलेलं एखादं उपकरण सापडलं, मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखी झटपट जाग येणारी झोप) नाही, वगैरे.

यातल्या शेवटच्या दोन कारणांपायी कितीतरी चांगली मशीन्स वर्षानुवर्षं अपात्र ठरत होती आणि वापरणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॉडर्न स्टँडबायची आणि डीएमएची अट काढून टाकली. त्यामुळे २३एच२ किंवा त्याआधीच्या विंडोज ११ वर ही कारणं दिसत असतील तर आधी विंडोज अपडेट करा. टीपीएम, विनआरई आणि सिक्युअर बूट (सही तपासलेल्याच बूट फाइल्स चालू देणारी सोय) यांच्या अटी मात्र तशाच आहेत. पीसीआर७ चा, म्हणजे टीपीएममधल्या सिक्युअर बूटची नोंद ठेवणाऱ्या कप्प्याचा, मुद्दा आला की बहुतेकदा बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद असतं. ते चालू करा आणि पुन्हा बघा.

ड्राइव्हवर पिवळं चिन्ह आहे आणि 'वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन' लिहिलंय. हे चालू आहे की बंद?

अर्धवट. डेटा एन्क्रिप्ट झालेला आहे, पण त्याची चावी उघड्या स्वरूपात त्याच डिस्कवर आहे. कुलूप लावून किल्ली कडीलाच लटकवावी तसं. लॅपटॉप चोरीला गेला तर या एन्क्रिप्शनचा काडीचा उपयोग नाही.

हे होतं कारण नव्या मशीनवर विंडोज पहिल्या सेटअपच्या वेळीच एन्क्रिप्शन सुरू करतं, पण रिकव्हरी की सुरक्षित जागी पोचल्याशिवाय कुलूप पक्कं करत नाही. ती जागा म्हणजे तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं, किंवा कंपनीचं मशीन असेल तर कंपनीची डिरेक्टरी (खात्यांची आणि मशीन्सची मध्यवर्ती नोंद). इंटरनेट न जोडता लोकल खातं बनवून सेटअप उरकला असेल तर मशीन असंच ताटकळत राहतं. होमवर एकदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की काम होतं. प्रोवर खातं नको असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावरून 'टर्न ऑन' करा आणि की स्वतः जपून ठेवा.

'धिस डिव्हाइस कान्ट यूज अ ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल' असा संदेश येतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरच्या आतली सुरक्षा चिप. बूट होताना मशीनमध्ये काही फेरफार झालेला नाही याची खात्री पटली, तरच ती डिस्कची चावी सोडते. बिटलॉकरला टीपीएम १.२ किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज ११ ला अधिकृतपणे २.० लागतं.

विंडोज आणि आर बटण दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' चालवा. 'कंपॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड' असं आलं तर दोन शक्यता: चिप खरंच नाही, किंवा आहे पण बायोसमध्ये बंद आहे. गेल्या आठ-दहा वर्षांतलं मशीन असेल तर दुसरीच शक्यता जास्त. इंटेलच्या मशीनवर बायोसमध्ये 'पीटीटी' शोधा, एएमडीवर 'एफटीपीएम'. काही बोर्डांवर नुसतं 'सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट' असतं. ते एनेबल करा, सेव्ह करा, बाहेर या.

काल चालू होतं आणि आज बंद दिसतंय, असंही होतं. डेस्कटॉपवर त्याचं नेहमीचं कारण म्हणजे संपलेला सीमॉस सेल. बोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल गेला की बायोस मूळ सेटिंग्जवर परत जातं, आणि ज्या बोर्डांवर मूळ सेटिंग 'बंद' आहे तिथे टीपीएमही बंद पडतं. घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर आधी सेल बदला. बायोस अपडेट केल्यावरही असंच होऊ शकतं.

एएमडीच्या पीसीवर काळ्या स्क्रीनवर 'एफटीपीएम एनव्ही करप्टेड' असं येऊन वाय की एन विचारतंय.

प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अपडेटनंतर हे येतं. वाय दाबलंत तर एफटीपीएम रिकामं होऊन नव्याने सुरू होतं. अजून काहीच एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर बिनधास्त वाय दाबा. ड्राइव्ह आधीच एन्क्रिप्ट असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर एन दाबा, जुनी स्थिती परत आणता येते का पाहा, आणि की सापडेपर्यंत वायच्या वाटेला जाऊ नका. आतली चावी एकदा गेली की कोणी परत आणून देऊ शकत नाही.

टीपीएम दिसतं, पण 'रेडी फॉर यूज' नाही. 'क्लिअर टीपीएम' करू का?

तो शेवटचा उपाय. आधी विंडोजचे आणि बायोसचे अपडेट घाला आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करा. क्लिअर केल्यावर विंडोज हॅलोचा पिन नव्याने लावावा लागतो आणि टीपीएमवर अवलंबून असलेल्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात. ऑफिसचं मशीन असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय ते बटण दाबू नका.

जुना पीसी आहे, टीपीएम नाहीच. मग बिटलॉकर विसरायचं?

नाही. प्रोवर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या सोयीतून, वाट काढता येते. 'जीपीएडिट डॉट एमएससी' उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन, ऑपरेटिंग सिस्टम ड्राइव्ह्ज असं आत जा. 'रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप' ही पॉलिसी एनेबल करा आणि तिच्यातच 'अलाउ बिटलॉकर विदाउट अ कंपॅटिबल टीपीएम' या चौकटीत टिक ठेवा. याच नावाची दुसरी एक पॉलिसी जवळच असते, शेवटी 'विंडोज सर्व्हर २००८ अँड विंडोज व्हिस्टा' असं लिहिलेली. ती नाही, वरची.

आता बिटलॉकर चालू करताना पासवर्ड किंवा पेन ड्राइव्ह यांतलं एक निवडायला सांगेल. पासवर्ड घ्या. पेन ड्राइव्हवरची स्टार्टअप की लोक लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवतात, आणि मग पिशवीबरोबर दोन्ही जातात.

एक लक्षात असू द्या: टीपीएम नसल्यामुळे बूट फाइल्समधला फेरफार पकडला जाणार नाही. चोराच्या हाती नुसती डिस्क लागली तर मात्र हे संरक्षण पुरतं, फक्त पासवर्ड दमदार हवा.

टीपीएम २.० चालू आहे, तरीही बिटलॉकर ऐकत नाही.

सिस्टम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' ही ओळ बघा. तिथे 'लेगसी' असेल तर सापडलं. टीपीएम २.० लेगसी किंवा सीएसएम (नव्या बोर्डावर जुन्या पद्धतीने बूट करू देणारा पर्याय) मोडमध्ये बिटलॉकरला चालत नाही, यूईएफआय ही बूटची नवी पद्धतच लागते.

असेंबल्ड पीसींमध्ये हे फार दिसतं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं मशीन, आणि विंडोज टाकणाऱ्याने सवयीने जुन्या पद्धतीचा पेन ड्राइव्ह लावून एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर इन्स्टॉल केलेलं. रोजच्या कामात काहीच जाणवत नाही. बिटलॉकर चालू करायला गेल्यावरच ते उघडं पडतं.

यावर फॉरमॅट हा एकच उपाय नाही. एमबीआर डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलणारं 'एमबीआर२जीपीटी' हे साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस' चालवा. यात काही बदलत नाही, नुसती तपासणी होते. ती पास झाली तर 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट' लिहून तीच आज्ञा द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये जाऊन यूईएफआय चालू करा. उलट केलंत तर मशीन बूट होणार नाही. तसं झालं तर घाबरू नका, बायोसमध्ये परत लेगसी केलं की जुनं विंडोज उघडतं.

व्हॅलिडेशन फेल होण्याचं ठरलेलं कारण म्हणजे पार्टिशनांची रचना. या साधनाला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात आणि एक्स्टेंडेड पार्टिशन तर अजिबात चालत नाही. आपल्याकडे सी, डी, ई अशी विभागणी करून द्यायची जुनी पद्धत आहे, 'डीमध्ये फोटो, ईमध्ये पिक्चर'. त्यातले डी आणि ई पुष्कळदा एक्स्टेंडेडच्या पोटातले लॉजिकल ड्राइव्ह असतात. त्यांच्यातला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, ते आणि एक्स्टेंडेड पार्टिशन डिलीट करा, कन्व्हर्ट करा, मग पुन्हा बनवा. वेळखाऊ आहे, पण विंडोज आणि त्यातली सॉफ्टवेअर्स शाबूत राहतात.

डेस्कटॉपवर अजून एक खाचखळगा. ग्राफिक्स कार्ड बरंच जुनं असेल आणि त्याच्यात यूईएफआयचा सपोर्ट नसेल, तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही. तेव्हा कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टला मॉनिटर लावून पाहा. अर्थात प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तरच.

'बिटलॉकर सेटअप कुड नॉट फाइंड अ टार्गेट सिस्टम ड्राइव्ह' म्हणजे काय?

बूट करणाऱ्या फाइल्स वेगळ्या, एन्क्रिप्ट न होणाऱ्या छोट्या पार्टिशनवर असाव्या लागतात. सगळंच सी ड्राइव्हवर असेल तर बिटलॉकरला पाय ठेवायला जागा नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन करताना फक्त सी उचलला असेल तर हेच होतं. यूईएफआय मशीनवर हे छोटं पार्टिशन एफएटी३२ असतं, जुन्या बायोसवर एनटीएफएस.

ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीडीईएचडीसीएफजी -टार्गेट डिफॉल्ट' ही आज्ञा दिली की विंडोज स्वतः सी थोडा आक्रसून ते पार्टिशन बनवायचा प्रयत्न करतं. मग रीस्टार्ट. सीमध्ये जागाच नसेल किंवा न हलणाऱ्या फाइल्स आड येत असतील तर तेही जमत नाही. आधी जागा करा. डिस्क 'डायनॅमिक' असेल तर मात्र बिटलॉकर तिला हात लावणार नाही, ती बेसिक करावी लागेल.

विनआरईची तक्रार येते. ते काय आणि कसं चालू करायचं?

विंडोज बिघडल्यावर जी निळी दुरुस्तीची स्क्रीन येते, ते विनआरई. ते कोपऱ्यातल्या छोट्या पार्टिशनवर राहतं. 'एवढी जागा कशाला फुकट घालवायची' म्हणून ते पार्टिशन उडवणारे पुष्कळ आहेत.

'रीएजंटसी /इन्फो' चालवा. 'डिसेबल्ड' दिसलं तर 'रीएजंटसी /एनेबल'. इतक्यावर भागलं तर छान. इमेज सापडत नाही असं म्हणालं, तर 'विनआरई डॉट डब्ल्यूआयएम' ही फाइल विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरात आहे का बघा. नसेल तर त्याच आवृत्तीच्या विंडोज आयएसओमधून काढून तिथे ठेवा आणि परत एनेबल करा.

विनआरईचं पार्टिशन लहान असणं हीसुद्धा डोकेदुखी आहे. जानेवारी २०२४ मध्ये बिटलॉकरला बगल देता येईल अशी विनआरईमधली एक फट बुजवायला अपडेट आलं, आणि त्या पार्टिशनवर २५० एमबी मोकळी जागा नसलेल्या मशीन्सवर ते ०एक्स८००७०६४३ या एररने फेल होत राहिलं. तुमच्या अपडेट हिस्टरीत हा आकडा दिसत असेल तर पार्टिशन वाढवूनच पुढे जा.

आत पेन ड्राइव्ह लागलाय, त्याने फरक पडतो?

पडतो. बूट होणारी सीडी-डीव्हीडी, आयएसओ किंवा विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लागलेला असेल तर तो काढा आणि मशीन रीस्टार्ट करून मग प्रयत्न करा. डॉकिंग स्टेशन आणि बाहेरच्या हार्ड डिस्कही तेवढ्या वेळापुरत्या बाजूला ठेवा.

रीस्टार्टनंतर 'सी वॉज नॉट एन्क्रिप्टेड' असं म्हणतं.

सुरुवातीला 'रन बिटलॉकर सिस्टम चेक'वर टिक असेल, तर विंडोज एकदा रीस्टार्ट होऊन चावी खरंच मिळते का ते पाहतं, आणि मिळाली नाही तर एन्क्रिप्शन सुरूच करत नाही. टीपीएमकडून चावी मिळाली नाही असा संदेश आला तर बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, बायोस अपडेट करा, परत करून पाहा. पिन लावला असेल तर तो बूटच्या वेळी नीट टाइप झाला का, हेही बघा.

वैतागून त्या चौकटीतली टिक काढून टाकणारे भेटतात. चेक फेल होत असताना टिक काढणं म्हणजे पुढच्याच रीस्टार्टला रिकव्हरी की शोधत बसायची तयारी करणं.

ऑफिसचा लॅपटॉप आहे. 'ग्रुप पॉलिसी सेटिंग्ज आर इन कॉन्फ्लिक्ट' येतं, किंवा डोमेनशी संपर्क होत नाही म्हणतं.

इथे तुमच्या हातात थोडंच आहे. पॉलिसी कॉन्फ्लिक्ट बहुतेकदा स्टार्टअपच्या पर्यायांमुळे होतो: टीपीएमबरोबर पिन 'रिक्वायर' आणि स्टार्टअप कीसुद्धा 'रिक्वायर' असं दोन्ही ठेवलं की विंडोज गोंधळतं. एक 'रिक्वायर' ठेवला तर बाकीचे 'डू नॉट अलाउ' करावे लागतात. हे आयटीवाल्यांनी सर्व्हरवर बदलायचं. तुम्ही तुमच्या मशीनवर बदललंत तरी पुढच्या सिंकला जुनं परत येईल.

डोमेनची, म्हणजे कंपनीचा मध्यवर्ती सर्व्हर सापडत नसल्याची, तक्रार घरून काम करणाऱ्यांना जास्त येते. की डिरेक्टरीत साठवली गेल्याशिवाय बिटलॉकर चालू करायचं नाही, अशी पॉलिसी कंपन्या लावतात, आणि ती योग्यच आहे. आधी व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडा, 'जीपीअपडेट /फोर्स' चालवा आणि मग चालू करा. कीबोर्ड सुटा होणाऱ्या टू-इन-वन टॅब्लेटवर 'प्री-बूट कीबोर्ड' नसल्याची एरर आली तर तिच्यासाठीही वेगळी पॉलिसी आहे. आयटीला एररचा फोटो पाठवा. 'होत नाहीये' एवढंच लिहून तिकीट टाकलंत तर दोन दिवस नुसत्या प्रश्नोत्तरांत जातील.

रिकव्हरी की सेव्ह करताना 'ही जागा चालणार नाही' असं म्हणतं.

ज्या ड्राइव्हला कुलूप लावताय तिच्यातच तिची चावी ठेवता येत नाही, म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बाद. पेन ड्राइव्हवर सेव्ह करा, प्रिंट काढा, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवा. आम्ही दोन ठिकाणी ठेवायला सांगतो, त्यातलं एक कागदावर. हाताने उतरवून घेत असाल तर सहा-सहा अंकांचे आठ गट असतात, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. एखाद्या गटाला भाग जात नसेल तर अंक चुकलाय हे तिथल्या तिथे कळतं.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या स्क्रीनवर अडकली, तेव्हा दुरुस्ती म्हणजे एक फाइल डिलीट करणं एवढीच होती. पण एन्क्रिप्ट केलेल्या मशीनवर त्या फाइलपर्यंत पोचायला आधी ही की लागत होती. ज्यांच्या कीज बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या, त्यांचे हाल कुत्रा खाईना.

एन्क्रिप्शन सुरू झालं, पण टक्का पुढे सरकतच नाही. ०एक्स८०३१००५९ अशी एररही येते.

हा कोड म्हणजे ड्राइव्हवर आधीच काहीतरी काम चालू आहे. 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' चालवून बघा. 'एन्क्रिप्शन पॉज्ड' असेल तर 'मॅनेज-बीडीई -रिझ्युम सी:' द्या. नव्या मशीनवर विंडोजने आपलं आपण एन्क्रिप्शन सुरू केलेलं असतं आणि त्यावर कंपनीची पॉलिसी वेगळ्या पद्धतीचं मागते, तेव्हाही हाच कोड दिसतो. आधीचं पूर्ण होऊ द्या किंवा पूर्ण डिक्रिप्ट करा, मगच नवं सुरू करा.

चार्जर लावून ठेवा. फिरत्या तबकडीची १ टीबी हार्ड डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट व्हायला तासन् तास लागतात, त्याला अडकणं म्हणत नाहीत. नव्या मशीनवर 'यूज्ड डिस्क स्पेस ओन्ली' निवडा, झटपट होतं. वापरलेल्या डिस्कवर मात्र पूर्णच करा, नाहीतर पूर्वी डिलीट केलेल्या फाइल्स मोकळ्या जागेत तशाच उघड्या पडून राहतात.

तासभर थांबूनही टक्का एकाच आकड्यावर असेल तर डिस्कमध्ये खराब सेक्टर असण्याची दाट शंका. 'सीएचकेडीएसके सी: /आर' चालवा. त्यात खराब सेक्टर निघाले तर एन्क्रिप्शनचा नाद सोडून आधी डिस्क बदला.

माझ्या एसएसडीत स्वतःचं हार्डवेअर एन्क्रिप्शन आहे. बिटलॉकर ते का वापरत नाही?

मुद्दाम. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही नामवंत एसएसडींचं हार्डवेअर एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडून दाखवलं. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरला सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हेच डिफॉल्ट केलं. राहू द्या तसंच.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एन्क्रिप्ट होत नाही.

होम एडिशनवर नव्याने करता येत नाही. प्रोवर केलेली ड्राइव्ह पासवर्ड टाकून होमवर उघडता येते, वापरताही येते. प्रो असूनही होत नसेल तर ड्राइव्ह राइट-प्रोटेक्टेड आहे का ते बघा.

मशीनवर उबंटूही आहे.

ड्युअल बूट चालतं, पण बूट विंडोज बूट मॅनेजरकडून व्हायला हवं. ग्रबमधून, म्हणजे उबंटूच्या बूट मेनूतून, विंडोज उघडलंत तर टीपीएमला मोजमाप वेगळं दिसतं आणि रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. बायोसच्या बूट मेनूतून विंडोज निवडायची सवय लावा. उबंटूची बाजू एन्क्रिप्ट करायची असेल तर इन्स्टॉल करतानाच एलयूकेएस (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) निवडणं सोपं. नंतर चालत्या सिस्टमवर करायला जाणं जिकिरीचं आहे.

मॅकवर फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू होत नाही.

ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकवर डिस्क मुळातच एन्क्रिप्ट असते. फाइलव्हॉल्ट फक्त तिची चावी तुमच्या पासवर्डशी जोडतं, म्हणून ते लगेच चालू होतं. पर्यायच चालत नसेल तर तुमच्या खात्याला 'सिक्युअर टोकन', म्हणजे डिस्क उघडायचा अधिकार, नाही अशी शक्यता असते. मॅक पहिल्यांदा सेट करणाऱ्या ॲडमिन खात्यातून करून पाहा. टी२ नसलेल्या जुन्या मॅकवर एन्क्रिप्शन मागे सावकाश चालतं आणि चार्जर काढला की थांबतं.

झालं एकदाचं. पण खरंच चालू आहे, याची खात्री कशी करू?

कुलुपाच्या चित्रावर विसंबू नका. 'मॅनेज-बीडीई -स्टेटस सी:' चालवा आणि तीन ओळी वाचा. 'कन्व्हर्जन स्टेटस'समोर 'फुली एन्क्रिप्टेड' किंवा 'यूज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड' हवं. 'प्रोटेक्शन स्टेटस'समोर 'प्रोटेक्शन ऑन' हवं. आणि 'की प्रोटेक्टर्स'खाली निदान दोन नावं हवीत: टीपीएम किंवा पासवर्ड, आणि 'न्यूमेरिकल पासवर्ड', म्हणजे तुमची ४८ अंकी की. पहिली ओळ बरोबर आणि दुसरीत 'ऑफ' असेल, तर संरक्षण थांबवलेलं आहे; 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -एनेबल सी:' ने ते सुरू करा.

आणि यानंतर बायोस अपडेट आलं तर?

डिक्रिप्ट करू नका. कंट्रोल पॅनेलमधून 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा, अपडेट घाला, आणि मशीन परत उघडल्यावर वरची स्टेटसची आज्ञा देऊन प्रोटेक्शन पुन्हा ऑन झालंय का ते बघा. झालं नसेल तर 'रिझ्युम प्रोटेक्शन' दाबा.